पाच फूट पाण्यात काय होणार?

ताई, नमस्कार.

मी बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, वय ४१. डायव्हिंगचं वेड पाच वर्षांपासूनचं. अंदमान, मालवण, नेत्राणी मिळून ७४ डाइव्ह झाल्या. अ‍ॅडव्हान्स्ड आणि नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनवाल्या हवेचा) दोन्ही कोर्स केलेत. दुबईतला एक मित्र कायमचा परत येतोय आणि त्याचं रीब्रीदर मला निम्म्याहून कमी किमतीत देतो म्हणतो. तीन वर्षं पडून आहे, पण चालू आहे. मॅन्युअल मी दोनदा वाचून काढलं. पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर हे माझं रोजचंच काम. कोर्सचा खर्च मोठा आणि सुट्टी मिळत नाही, म्हणून बेत असा, की या उन्हाळ्यात ओळखीच्या एका स्विमिंग पूलवर पहाटे कोणी नसताना हात बसवून घ्यायचा. उथळ बाजूला पाच फूटच पाणी आहे. कोर्स पुढच्या वर्षी. बायकोला हे कळल्यापासून घरात अबोला आहे. तिला पटेल असं काहीतरी लिहा, आणि काय काय काळजी घ्यायची त्याची यादी द्या.

— बेसा रोडचा एक वाचक

भाऊ,

यादी देत नाही. वहिनींना पटेल असंही काही लिहीत नाही, कारण पत्र वाचून मला त्यांचंच पटलं. पण नुसतं ‘नको’ म्हणून थांबले तर तुम्ही मेंटेनन्सवाले, कारण विचारणारच. विचारायलाच हवं. तेव्हा कारणं सांगते.

मोह मला कळतो, हे आधीच कबूल करते. साध्या स्कूबात आपण सिलिंडरमधली हवा ओढतो, तिच्या जेमतेम चार-पाच टक्के भरेल एवढाच ऑक्सिजन वापरतो आणि बाकीची बुडबुड्यांतून सोडून देतो. खोल जावं तशी ही उधळपट्टी वाढत जाते. रीब्रीदर तीच हवा फिरवत ठेवतं. उच्छ्वास एका नळीतून जातो, सोडा लाइमच्या डब्यात त्यातला कार्बन डायऑक्साइड अडतो, शरीरानं जेवढा ऑक्सिजन खाल्ला तेवढा यंत्र परत घालतं आणि हवा पुन्हा तोंडाशी येते. बुडबुडे नाहीत की आवाज नाही. मी पहिल्यांदा लूपवर, म्हणजे या फिरत्या हवेवर, खाली गेले तेव्हा एक भलाथोरला ग्रूपर हातभर अंतरावर येऊन थांबला आणि माझ्याकडे बघत बसला. दहा वर्षं मी त्याच्या भाईबंदांच्या फक्त शेपट्या पाहत आले होते. कल्पनाही काही नवी नाही. हेन्री फ्लूसनं १८७८ मध्ये असं यंत्र बनवलं आणि दोनच वर्षांनी इंग्लंडात सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात पाणी भरलं, तेव्हा अलेक्झांडर लँबर्ट नावाचा पाणबुड्या ते पाठीवर घेऊन मिट्ट अंधारात शेकडो फूट आत चालत गेला होता.

तर यंत्र चांगलंच आहे. ‘पाच फूट पाणी म्हणजे सुरक्षित’ हा तुमच्या बेताचा पाया, तो मात्र कच्चा आहे.

नायट्रॉक्स केलंय म्हणजे आंशिक दाबाचा, एकूण दाबातल्या एकेका वायूच्या वाट्याचा, हिशेब तुम्हाला येतो. जमिनीवरच्या हवेत ऑक्सिजनचा आंशिक दाब ०.२१ बारच्या आसपास. ०.१६ च्या खाली डोकं नीट चालेनासं होतं आणि ०.१० जवळ आला की शुद्ध जाते. आता ३० मीटरवर जा. तिथे दाब चौपट. लूपमध्ये १० टक्केच ऑक्सिजन उरला असेल तरी हिशेब ०.४ येतो आणि माणूस मजेत पोहत असतो. तोच माणूस तीच हवा घेऊन वर आला, की पृष्ठभागाशी त्याच्या वाट्याला ०.१०. म्हणून लूपवर वर येतानाचे शेवटचे दहा मीटर सगळ्यांत वाईट. तुमचा पूल म्हणजे सगळा मिळून तेच शेवटचे दहा मीटर, भाऊ. चुकीला पांघरूण घालणारा दाब तिथे नाहीच.

आकडा मांडूनच दाखवते. लूप आणि फुप्फुसं धरून साधारण सहा लिटर हवा समजा. तिच्यात ऑक्सिजन सव्वा लिटरच्या आसपास. हळूहळू पोहणारा माणूस मिनिटाला एक लिटर ऑक्सिजन खातो. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह उघडायचा राहिला असेल, किंवा आकडे दाखवणारा हँडसेट चालूच केला नसेल, तर सगळा खेळ एक-दोन मिनिटांचा. आणि या एक-दोन मिनिटांत तुम्हाला काहीही जाणवत नाही, इथे माणूस फसतो. दम लागणं, छाती भरून येणं, ‘हवा हवी’ ही तडफड ऑक्सिजन कमी झाल्यानं फारशी होत नाही. ती होते कार्बन डायऑक्साइड साचल्यानं, आणि तो तर डब्यातलं सोडा लाइम इमानेइतबारे काढून टाकत असतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपण सगळ्यांनी ऑक्सिमीटर घेतले होते, आठवतं? बोटाला ८० दाखवतंय आणि पेशंट फोनवर व्यवस्थित बोलतोय. ‘हॅपी हायपोक्सिया’ हा शब्द तेव्हा घराघरात पोचला. लूपवर नेमकं तसंच, फक्त तिथे तोंडात माउथपीस असतो आणि डोक्यावर पाणी. माणूस धडपडत नाही, हात हलवत नाही. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, तळाशी निवांत बसलाय. आणि तुमच्या बेतात तर काठावर कोणीच नाही!

माझी गोष्ट सांगते. अंदमानात होते तेव्हाची, लूपवर शंभरेक तास झालेले. सकाळी बोटीवर ऑक्सिजन तपासला, सवयीनं व्हॉल्व्ह बंद केला आणि कोणीतरी चहाला हाक मारली. चहा पिऊन आले ते थेट सूट चढवला, यंत्र पाठीवर घेतलं आणि पाण्यात उतरण्याआधी बसून पाच मिनिटं लूपवर श्वास घ्यायचा असतो, तो घ्यायला लागले. लूपमध्ये ऑक्सिजन सोडणारा सोलेनॉइड टिक टिक वाजत होता. आवाज अगदी बरोबर. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद असला तरी तो वाजतोच, नळीतून फक्त काही येत नाही. बोटीच्या कडेला उन्हात बसलेली मी, हवा छान, समोर निळंशार पाणी, आणि मनात चाललेलं की परतल्यावर गॅसची नोंदणी करायची राहिलीय. हँडसेटवर ०.७० असायला हवं होतं. माझी डाइव्ह पार्टनर म्हणाली, “बघ गं जरा.” ०.३१. बघेबघेपर्यंत ०.२९. मला काय वाटत होतं विचाराल तर काहीही नाही, उलट बरंच वाटत होतं. चेकलिस्टचं प्लास्टिकचं कार्ड माझ्याच खिशात होतं आणि त्यावरची ‘ऑक्सिजन व्हॉल्व्ह उघडा’ ही ओळ मी चहाच्या आधीच मनातल्या मनात टिक करून टाकली होती.

तेव्हापासून मी कार्ड मोठ्यानं वाचते, बोट ठेवून, आणि शेजारी कोणीतरी ऐकत असल्याशिवाय वाचतच नाही. मधे कोणी हाक मारली तर पहिल्या ओळीपासून पुन्हा. लोक हसतात. हसू देत बापडे.

१९९८ ते २०१० या काळातल्या हौशी रीब्रीदर डायव्हर्सच्या १८१ मृत्यूंचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा, की साध्या स्कूबाच्या तुलनेत इथे जिवाचा धोका चार ते दहा पट. आकडा वरखाली होऊ शकतो, कारण जगात नेमके किती लोक लूपवर डाइव्ह करतात हेच कोणी मोजलेलं नाही. पण मला त्यातून लागलेली गोष्ट वेगळी आहे: साधा, रोजचा, नीट वापरणारा माणूस एखादी ओळ गाळतो आणि जातो. तुमच्या कारखान्यात लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे दुरुस्तीआधी वीज तोडून कुलूप आणि पाटी लावणं, कशासाठी असतं? मोटर कळत नाही म्हणून नव्हे. वीस वर्षं मोटर कळणारा माणूसच एक दिवस ब्रेकर न पाडता हात घालतो, म्हणून.

आता दुसरा वायू, कार्बन डायऑक्साइड. हा सांगून येतो, पण आला की ऐकू देत नाही.

सोडा लाइम म्हणजे मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइड, थोडा कॉस्टिक सोडा आणि ठरावीक ओलावा. डबा भरणं ही हातचलाखीची गोष्ट आहे. आई दिवाळीत चिवड्याचा डबा भरताना बाजूनं थापट्या मारते ना, तस्संच: थोडं ओतायचं, चहूबाजूंनी टकटक ठोकायचं, दाणे बसू द्यायचे, पुन्हा ओतायचं. कुठे पोकळी राहिली की हवा नेमकी त्या वाटेनं निसटते, दाण्यांना शिवतही नाही. वर ताजं पांढरंशुभ्र सोडा लाइम, आणि तुम्ही मात्र आपलाच उच्छ्वास परत ओढताय. एक ओ-रिंग बसवायची राहिली तरी हेच. हे काम घराबाहेर, वाऱ्याची पाठ धरून करायचं. धूळ नाकाडोळ्यांत झोंबते. एकदा वापरून अर्धवट उरलेला माल काढून पुन्हा भरायचा नाही. किती तास चालतो हे यंत्राच्या मॅन्युअलमध्ये असतं आणि ते तास पाण्याच्या थंडीवर, खोलीवर, तुमच्या मेहनतीवर कमी होतात. भूल देणाऱ्यांच्या मशीनलाही सोडा लाइम लागतं आणि ते वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळतं, हे तुम्ही शोधून काढलंच असणार. ते घेऊ नका. त्याचे दाणे बहुधा मोठे असतात. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच. जांभळं झालं की बदलायचं, हाही भरवसा धरू नका. रंग नुसतं पडून राहिल्यावर परत पांढरा होतो, माल मात्र संपलेलाच असतो.

त्यात आपलं नागपूर. सोडा लाइमला त्याचा ओलावा टिकला तरच काम करता येतं, आणि मे महिन्यात ४५-४६ डिग्रीला गच्चीवरच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेला उघडा कॅन सुकून खडखडीत होतो. मित्र यंत्राबरोबर ‘हा अर्धा कॅन पण ने’ म्हणाला तर नमस्कार करून परत द्या.

कार्बन डायऑक्साइड चढला की आधी डोकं ठणकतं, श्वास जलद होतो, मग उगाचच घाबरल्यासारखं होतं. उपाय पुस्तकात एका वाक्याचा आहे: लूप सोडा, बेलआउटच्या, म्हणजे आणीबाणीसाठी जवळ ठेवलेल्या साध्या सिलिंडरच्या रेग्युलेटरवर या. प्रत्यक्षात माणूस इतक्या जोरात धापा टाकत असतो, की तोंडातला माउथपीस अर्ध्या सेकंदासाठी काढणंही त्याला जमत नाही. म्हणून शंका आली की लगेच, अजून धाप लागायच्या आत बदलायचं असतं. खूप खोलवर आणखी एक भानगड होते. हवा इतकी घट्ट होते, की फुप्फुसांनाच ती पुरेशी हलवता येत नाही. डेव्ह शॉ हा अनुभवी डायव्हर जानेवारी २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बूसमन्सगाट गुहेत अडीचशे मीटरहून खाली एका तरुणाचा मृतदेह आणायला उतरला आणि परतला नाही. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता; श्वास कसा वाढत गेला ते त्यात ऐकू येतं, आणि डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिलाय. तुम्ही तिथे जाणार नाही, मान्य. पण साधी हवा डायल्यूएंट, म्हणजे लूपमध्ये ऑक्सिजनबरोबर मिसळायचा वायू, म्हणून घेतली, तर ३० मीटरलाच तिची घनता लिटरला ५ ग्रॅमच्या वर जाते. जाणकार सांगतात ती मर्यादा ५.२ ची. म्हणजे उंबरठा फार लांब नाही.

पाच मिनिटं लूपवर बसून श्वास घेतला की सोडा लाइम तपासलं जातं, असं पूर्वी आम्हीही शिकवायचो. २०१५ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना न सांगता सोडा लाइमचा डबाच काढून घेतला होता. त्यांतल्या काहींना पाच मिनिटांत पत्ताही लागला नाही. अर्धवट बिघाड तर जवळपास कोणालाच कळला नाही. पाच मिनिटं बसायचंच, ऑक्सिजनसाठी; माझा जीव त्यानंच वाचला. पण डबा नीट भरलाय की नाही हे फक्त भरणाऱ्या हाताला माहीत असतं.

तिसरा धोका, ऑक्सिजन जास्त होणं. इथे अंगाला फिट येते, बरेचदा काही इशारा न देता. ओठ फडफडणं, कानात आवाज, मळमळ ही लक्षणं पुस्तकात आहेत, पण ती येतीलच असं नाही. केनेथ डोनाल्ड यांनी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या डायव्हर्सवर चाचण्या घेतल्या. त्यांत एकच माणूस एका दिवशी जे सहज सोसायचा, ते दुसऱ्या दिवशी त्याला सोसायचं नाही. म्हणून सेटपॉइंट, म्हणजे यंत्रानं राखायचा ऑक्सिजनचा आंशिक दाब, १.२-१.३ वर ठेवतात आणि १.६ च्या पलीकडे कोणी जात नाही. फिट जमिनीवर आली तर माणूस बहुतेकदा सावरतो. पाण्यात तोंडातला माउथपीस सुटतो. फ्रेंच लष्करी डायव्हर्सच्या नोंदी बघितल्या तर बेशुद्ध झालेले बरेच जण वाचलेत, कारण माउथपीस डोक्यामागून पट्ट्यानं बांधलेला होता आणि जोडीदार शेजारीच. तो पट्टा शंभर ग्रॅमचाही नसतो. कित्येक हौशी लोक तो काढून टाकतात, गाल दुखतात म्हणून.

आता तुमच्या त्या स्वस्त यंत्राकडे येते. ‘तीन वर्षं पडून आहे, पण चालू आहे’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं.

ऑक्सिजन मोजणारे सेल म्हणजे छोट्या बॅटऱ्याच. वापरा किंवा ठेवून द्या, त्या म्हाताऱ्या होतातच, उष्णतेत लवकर. बसवल्यापासून साधारण वर्षभरात बदलायच्या असतात. तीन वर्षांचा सेल जमिनीवर हवेत ०.२१ दाखवेल, म्हणजे ‘चालू आहे’. तुम्हाला मिलिव्होल्ट कळतात म्हणून सांगते. हवेत १० दाखवणाऱ्या सेलनं शुद्ध ऑक्सिजनमध्ये साधारण ४७-४८ दाखवायला हवेत. ४१-४२ वर अडकला तर तो गेला. आणि जमिनीवर पास झालेला सेलसुद्धा खाली दाबाखाली अडकू शकतो. समजा १.१ च्या वर त्याला दाखवताच येत नाही. यंत्राला १.३ हवेत. ते बिचारं ऑक्सिजन घालतच राहतं, सेल १.१ च म्हणत राहतो, आणि लूपमध्ये प्रत्यक्षात केव्हाच १.८ झालेले असतात. तीन सेल आहेत, बहुमत होईल म्हणाल, तर तिन्ही एकाच दिवशी एकाच पाकिटातून काढून बसवलेले असतात. दोन म्हातारे एकमत करतात आणि खरं सांगणारा तिसरा बाद ठरतो. आपल्याकडच्या ग्रामपंचायतीसारखंच. म्हणून आम्ही सेल वेगवेगळ्या महिन्यांत बदलतो आणि खाली गेल्यावर हिशेब पडताळतो. २० मीटरवर लूपमध्ये हवा भरून धुतली, की तिन्हींनी ०.६३ च्या आसपास दाखवायलाच हवं. न दाखवणाऱ्याशी वाद घालायचा नाही, वर यायचं. कॅलिब्रेशनही समुद्रावर पोचल्यावर पुन्हा करायचं. नागपूर ३१० मीटर उंचीवर आहे, इथला हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा तीन-चार टक्क्यांनी कमीच असतो.

नळ्या, काउंटरलंग (उच्छ्वास साठवणारी पिशवी), माउथपीसचा एकमार्गी व्हॉल्व्ह, सगळ्या ओ-रिंग, बॅटरीचा डबा, हे सगळं कंपनीनं मान्य केलेल्या माणसाकडून उघडून घ्यावं लागेल. एकमार्गी व्हॉल्व्हचं रबर वाळून किंचित वाकलेलं असलं, तरी उच्छ्वास सोडा लाइमला वळसा घालून परत येतो. सिरीयल नंबर देऊन कंपनीला विचारा: या यंत्राचे कुठले भाग परत मागवले होते का, शेवटची सर्व्हिस कधीची. त्या सगळ्याचा खर्च किमतीत मिळवून बघा, निम्म्याहून कमीवाला आनंद बराच ओसरेल.

सिलिंडर मात्र अजिबात घेऊ नका. भारतात गॅस भरायच्या सिलिंडरला पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संस्थेची मान्यता लागते. तिचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, हे अर्ध्या नागपूरला ठाऊक नसतं. बाहेरून आणलेले सिलिंडर कोणी जबाबदार माणूस भरून देणार नाही, आणि जो देईल त्याच्याकडून भरून घेऊ नये. ऑक्सिजन घरी किंवा कारखान्यात मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात उतरवायचा विचार मनात आला असेल (आला असेलच, मी मेंटेनन्सवाल्यांना ओळखते) तर तो झटकून टाका. दाबाखालच्या ऑक्सिजनला ग्रीसचा एक ठिपका किंवा खोबरेल लावलेल्या हाताचा डाग आग लागायला पुरतो.

कोर्सबद्दल. सुट्टी नाही, हे कारण मी ऐकून घेते, मानत नाही. लूपचा कोर्स ठरावीक यंत्रावरचा असतो. एका बनावटीचा केला म्हणून दुसरं हाताळता येत नाही. म्हणजे आधी यंत्र घेऊन बसलात आणि त्या बनावटीचा प्रशिक्षक भारतात मिळाला नाही, तर ते कपाटात शोभेला. आधी प्रशिक्षक शोधा, त्याच्याकडच्या यंत्रावर शिका, मग घ्यायचं तर घ्या. आणि ७४ डाइव्हचा अनुभव थोडा बाजूला ठेवायची तयारी हवी. तुम्ही आजवर श्वास घेऊन वर, सोडून खाली, असा तोल सांभाळलात. लूपवर तो चालत नाही, कारण सोडलेली हवा छातीतून निघून काउंटरलंगमध्ये जाते, तुमच्यापाशीच राहते. पहिले दोन दिवस भलेभले फुग्यासारखे वर-खाली होतात. बेलआउटचा सराव तर कंटाळा येईपर्यंत करायचा: डोळे मिटून, हातमोजे घालून, वर येता येता. तो सिलिंडर स्वतःचा, स्वतःजवळ आणि सगळं फसलं तरी वर पोचवेल एवढा भरलेला हवा.

लूपमध्ये पाणी शिरलं तर सोडा लाइममधून जाऊन ते कॉस्टिक होतं आणि तोंडात येतं. त्याची चव मी एकदा घेतलीय. चुन्याची डबी जिभेवर रिकामी केल्यासारखं. माउथपीस बंद करून बेलआउटवर यायचं, चूळ भरायची, गिळायचं नाही.

वय ४१ आहे, तर कोर्सआधी हृदयाची तपासणी करून घ्या. डायव्हिंगमधल्या मृत्यूंत हृदयाचा वाटा मोठा असतो आणि आपल्याकडे रविवारच्या सावजीचा हिशेब कोणी ठेवत नाही. विमा असेल तर तो रीब्रीदरला लागू आहे का, तेही कागदावर वाचा.

वहिनींशी कसं बोलायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रातलं खरं दुखणं तेच वाटलं. त्यांना यंत्र समजावू नका. सोलेनॉइड सांगायला लागलात की त्या उठून कूलरमध्ये पाणी भरायला जातील. पूलचा बेत रद्द केला, एवढंच आधी सांगा, आणि नंतर दोन-चार दिवस विषयच काढू नका. पुढे कोर्स ठरला तर ज्या दिवशी प्रशिक्षकाशी बोलाल, त्या दिवशी त्यांना शेजारी बसवा आणि प्रश्न त्यांना विचारू द्या. माझ्या एका विद्यार्थ्याच्या बायकोनं मला पहिलाच प्रश्न विचारला होता, “हे बेशुद्ध पडले तर तुम्हाला किती सेकंदात कळेल?” इतका नेमका प्रश्न मला त्या विद्यार्थ्यानं पूर्ण कोर्सभर विचारला नाही.

मित्राचं विमान यायच्या आधी त्याला फोन करून सेलवरच्या तारखा वाचून दाखवायला सांगा. फोटो पाठवला तर उत्तम. तारखा बघून त्याला काय कळवायचं ते तुमचं तुम्हाला समजेल. आणि पूलच्या गेटची किल्ली ज्याच्याकडून घेणार होतात, त्याला आजच सांगा, की नको आता.

— तुमची ताई